केवळाबाईचं बोट

१८ मे, सोमवार
काल धोंड्याचा महिना लागला. ३१ ला सुकन्या आन् तिचा नवरा वीरेश लातूरहून येनार. नातजावयाचा पहिला धोंडा! ताटात तेहतीस अनारसे, तेबी माझ्या हातचे. चौथी शिकले तरी हात माझा बीए झालेला हाय. पन सून पुनम म्हनली, "आत्या, शुगर रोज दीडशेच्या आत दिसली तरच कढईपाशी बसायचं. न्हाई तर विकतचे आनते." विकतचे! आजपासून गोड बंद. पक्कं.
तांदूळ भिजू घातले.

१९ मे, सकाळी ९
पुनम ऑफिसला गेल्यावर बोट टोचलं. २९८. मशीन नवी हाय, रुळायची हाय अजून. कालचा पेढा परसादाचा व्हता, तो धरत न्हाईत.
संध्याकाळी पुनमनं मशीनमधला आकडा बघितला. म्हनली, उद्या असंच दिसलं तर हलवायाला फोन करते.

२० मे
उपाय गावला. आपल्याकडं भांड्याला येती ती केवळाबाई, नुसती काडी. तिचंच बोट टोचलं. ९४! तिच्या रक्तात गोड यायला आधी घरात यावं लागतं. लई हसले मी. ती न्हाई हसली.
पुनम खूश.

२२ मे
पीठ मुरत ठेवलं. केवळाबाई म्हनली, "तुळजाबाई, बघू एखादा, कसा लागतो ते." म्हनलं, खुळी का काय? तुझी शुगर वाढंल, आकडा बिघडंल. धोंडा झाला की दोन देईन. तवर तिला काळा चहा, बिनसाखरेचा. रोज टोचायच्या आधी तेबी न्हाई.

२५ मे
९१, ८८, ९६. माझी शुगर लई झकास चालू हाय. मशीन कशाला खोटं बोलंल? घरात मशीन एक, तिनं नॉर्मल म्हनलं म्हंजे समदं घर नॉर्मल. गोळ्या बंद केल्या. उगं नसलेल्या शुगरला गोळी खाल्ली तर चक्कर यायची.
नमुन्याचे चार तळले. चारी नीट झाले का बघायला चारी खावे लागले. केवळाबाई बघत उभी व्हती. शिकवलं तिला : खसखस वर, उलटायचं न्हाई, झाऱ्यानं वरून तूप सोडायचं. शिकून तुला कुनाचा जावई जेवू घालायचाय, म्हनलं. तिनं भांडी घासाय घेतली.

२७ मे
उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. चप्पल चावली. दुखत तर न्हाई, म्हंजे काही न्हाई. हळद लावली. केवळाबाई म्हनली, "तुळजाबाई, वास येऊन राहिला, सूनबाईला सांगा." म्हनलं, माझ्या पायाला नजर लावू नको, बोट दे. ८९.

२९ मे, दवाखाना
ताप. डॉक्टरनं माझंच बोट टोचलं. ४१२. म्हनलं, मशीन बदला साहेब, आमच्या घरी नव्वद येती. पुनमनं पर्समधून घरची मशीन काढून पुन्यांदा टोचलं. ४०८. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.
अंगठा काढावा लागतो म्हने. माझा ल्योक अमरनाथ, एवढा बाप्या मानूस, रडायलाच लागला. म्हनलं, अरे, अनारसे हातानं तळतेत.

३१ मे
अंगठा गेला काल. आज घरी धोंडा. सुकन्याचा फोन : "आज्जी, अनारसे कसले खुसखुशीत! हे तर सात खाऊन बसले. मम्मीनं केवळामावशीला साडी नेसवली." तळले केवळानं. पन पीठ माझं. म्हंजे माझेच की.

२ जून
केवळाबाई भेटायला आली, नवी साडी नेसून. हातात डबा. मनाची चांगलीच हाय ती, मी पयल्यापासून म्हनते. स्टुलावर बसली, ठरलेले दोन अनारसे काढले आन् माझ्यासमोर सावकाश खाल्ले. खसखशीचा एक दाना सांडू दिला न्हाई. मी हात पुढं केला.
म्हनली, "न्हाई तुळजाबाई. आकडा बिघडंल."
मंग थर्मासमधला चहा वतून दिला. काळा, बिनसाखरेचा.
प्याले.