बिनखुणेची थापी

शुक्रवार, १३ तारीख

तीर्थस्वरूप आत्या,

सादर नमस्कार. तुझा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस की त्यांच्याबद्दल फक्त मत देतेस, ते कळव. मी बरी आहे. आता माझं मागचं पत्र हाताशी घे. दुसरं पान, वरून सहावी ओळ. तिथे 'मला एक प्राचीन लोखंडी अवजार सापडलं' असं लिहिलंय. त्यातलं 'प्राचीन' चूक आहे. ('लोखंडी' बरोबर आहे. 'सापडलं'बद्दल पुढे बोलू.) ते अवजार म्हणजे आमच्या मुकादमकाकांची गेल्या वर्षी हरवलेली थापी आहे, आणि ही गोष्ट या घटकेला माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. खुद्द काकांनाही नाही.

एवढं वाचून तू म्हणणार, "मग मला काय लिहीत बसलीस? ऊठ आणि सांग जा." सांगणार आहे. पण आधी क्रमाने लिहू दे. क्रम चुकला की तू पेन्सिल बोटांवर टेकवायचीस, ते बोटं विसरलेली नाहीत.

तर सुरुवात थापीपासून. गवंडी वापरतात तसली, पण हाताएवढी छोटी थापी घेऊन आम्ही इथे उत्खननावर दिवसभर माती खरवडतो. ही थापी ज्याची त्याची असते. पहिल्या दिवशी मी जवळ पडलेली कोणाची तरी उचलली, तर सगळा खड्डा काम सोडून माझ्याकडे बघायला लागला. आमच्यातल्या लंबूने मला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, तू कोणाचा दात घासायचा ब्रश मागशील का?" मी नाही म्हटलं. "मग हेही तसंच." त्या दिवसापासून मला नादच लागला. कोण आपली हत्यारं कशी बाळगतं आणि त्यांच्यावर काय खुणा करतं, याची मी एक वेगळी वहीच केली. (कामाच्या वेळात नाही. जेवणाच्या सुट्टीत.)

लंबू थापी मोज्यात खोचतो. त्यामुळे खाली बसताना दर वेळी "आई गं" म्हणतो, पण जागा बदलत नाही, कारण खिशात ठेवून त्याच्या तीन पँटी फाटल्या. चित्रं काढणाऱ्या ताई दात कोरायची बारीक हत्यारं चष्म्याच्या डबीत ठेवतात, आणि मग चष्मा दिवसभर शोधतात. (त्यांचा दीर दातांचा डॉक्टर आहे. घरातल्यांना तो वेळ देत नाही, पण बोथट झालेली हत्यारं देतो.) त्यांनी थापीच्या मुठीवरच्या चिकटपट्टीखालीही नाव लिहिलंय, म्हणजे चोराने पट्टी काढली की नाव आणखीच ठळक. आमच्या प्रमुख बाई दर वर्षी मुठीवर नेलपॉलिशचा नवा थर देतात. एका जागी टवका उडालाय, तिथे सात रंग एकाखाली एक दिसतात. मूठ कसली, छोटं उत्खननच ते. मी माझ्या थापीवर चिठ्ठी डकवली होती: 'ही थापी वापरून झाल्यावर कृपया जागेवर ठेवावी', खाली नाव, हुद्दा, तारीख. चिठ्ठी भिजली आणि मधला 'कृपया' तेवढा उरला. आता सगळे माझ्या थापीलाच 'कृपया' म्हणतात. (मला 'शुद्धिपत्रक' म्हणतात. ते तुला आवडेल.)

वही भरत आली तेव्हा लक्षात आलं की एकच थापी बिनखुणेची आहे, आणि तीही एकतीस वर्षं माती खणणाऱ्या मुकादमकाकांची. कोरी करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा जागच्या जागी. संध्याकाळी ते ती परत तिच्या कागदात गुंडाळतात. मला राहवेना.

"काका, तुमच्या थापीवर खूण कशी नाही?"

"ती कुठे माझी आहे?"

"मग कोणाची?"

"दुकानाची. माझी हरवली गेल्या साली. सापडेल. तोवर हिच्यावर खूण केली तर तिला वाटायचं, म्हातारा दुसरीच्या नादी लागला."

मी हसले. काका हसले नाहीत. मग मी म्हटलं, तुम्ही वर्णन सांगा, मी वहीत चित्र काढते. तेवढीच नोंद राहील. काका खूश झाले. म्हणाले, "मी डावरा. त्यामुळे एकाच अंगाने झिजली, पानासारखी झाली बघ. मुठीच्या गळ्याशी पितळी कडी, आमच्या वडिलांच्या काठीची. कडीवर तीन खाचा."

"तीन कशाच्या?"

"तीन मुलींच्या. चौथी झाली तेव्हा कानस सापडेना. ती अजून ऐकवते मला."

आत्या, तिसऱ्या खाचेपाशी माझी पेन्सिल थांबली. कारण हे चित्र मी आधीच काढलं होतं. दोन्ही बाजूंनी, मापासकट. नोंदवहीत क्रमांक दोनशे चौदा, माझ्याच अक्षरात: 'पानाच्या आकाराचे लोखंडी पाते. पितळी कडे, त्यावर तीन खाचा. बहुधा धार्मिक विधीसाठी.'

झालं असं की माझ्या खड्ड्याचा कोपरा गेल्या वर्षी खणून बुजवलेल्या खड्ड्यात घुसला होता. म्हणजे मी गेल्या वर्षीचीच माती पुन्हा खणत होते. माझ्या रोजनिशीत लिहिलंय, 'माती फारच मऊ, काम झपाट्याने होत आहे.' मऊ का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. मी, जी तुला 'शून्य म्हणजे नक्की किती' असं चार दिवस विचारत होते! त्याच थरात गोळीचा एक चकचकीत कागदही निघाला होता. तो वाऱ्याने आला असावा, अशी मी नोंद केली. वारा अडतीस सेंटिमीटर खोल जात नाही. काका त्या आठवड्यात थोरलीच्या बाळंतपणासाठी घरी गेले होते, नाहीतर थापी बाहेर निघतानाच त्यांनी ओळखली असती.

आता दोनशे चौदा कपाटात आहे आणि किल्ली बाईंकडे. बाईंनी माझं चित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतलंय. गुरुवारी, १९ तारखेला, ते पातं बघायला लोखंडाचे तज्ज्ञ येणार आहेत. आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या आहेत की हिची नजर चांगली आहे, पुढच्या वर्षीही हिला घेऊ. म्हणजे मी तोंड उघडलं तर नजरही गेली आणि पुढचं वर्षही. नाही उघडलं, तर काका दुकानाची थापी कागदात गुंडाळत राहणार आणि मी ते बघत राहणार. मी दोनदा सांगायला गेले. एकदा कुदळीच्या दांड्याबद्दल विचारून परत आले, दुसऱ्यांदा गुडघ्याखाली घ्यायच्या उशीबद्दल. (उशी जुन्या गादीची कापावी म्हणाले. तुझ्या व्यायामाला चालेल.)

नऊ वर्षांची होईपर्यंत मी तुझ्या जेवणाच्या टेबलावरच्या शाळेत शिकले, जिथे वर्गात एकटी असूनही माझा नंबर दुसरा यायचा. तिथला नियम पाठ आहे: चूक ज्या शाईत केली त्याच शाईत सुधारायची, आणि ज्यांनी चूक ऐकली त्या सगळ्यांना दुरुस्तीही ऐकवायची. तेव्हा वाटायचं, हा नियम फक्त पाढ्यांसाठी आहे.

गुडघ्याला जप. थंड फरशीवर बसू नकोस.

तुझी,
शुद्धिपत्रक

ता.क. तुमच्या ज्येष्ठ मंडळाच्या फळ्यावर तू 'माझ्या भाचीला प्राचीन अवजार सापडले' असं लिहिलंस, ते पुसू नकोस. त्याच रंगाच्या खडूने खाली दुरुस्ती लिही. नियम तुझाच आहे.

ता.क. २. याच पत्रात एक चूक झाली. 'खुद्द काकांनाही नाही' हे मी खात्रीने लिहायला नको होतं. काल ताई मुखपृष्ठाचं चित्र बघत होत्या, तिथे काका आले. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ज्यानं झिजवली तो डावरा असणार," आणि चहा प्यायला निघून गेले. ओळखलं असेल, तर बोलले का नाहीत? की कोण बोलतंय याची वाट बघताहेत? मला हे फार जाणून घ्यायचंय, आणि विचारायचा मार्ग एकच उरलाय.

ता.क. ३. खरं काम हे, की पत्र आज टाकलं म्हणजे तुला सोमवारी मिळेल. मंगळवारी सकाळी आठ वाजता मला फोन कर आणि फक्त "सांगितलंस?" एवढंच विचार. तुला खोटं उत्तर द्यायला मला आजवर जमलेलं नाही. बाई आजपासून सोमवारपर्यंत परगावी आहेत, म्हणून त्याआधी नाही. मी एक छोटी कानस आणून ठेवली आहे, चौथीसाठी. दिवस ठरला: मंगळवार, सतरा तारीख, सकाळी साडेसात, हजेरी होताक्षणी, काकांनी दुकानाची थापी कागदातून काढायच्या आत.