सेरेर बाईची चेष्टा

केदुगू, २ एप्रिल

प्रिय दिएनाबाताई,

सलाम. तू, भावोजी, पोरं, गाई, सगळी बरी ना? मी ठणठणीत आहे. सोन्याचा नवा खड्डा वीस हात खोल गेलाय. तू पाठवलेले शेंगदाणे पोचले, आमच्या टोळीने दोन दिवसांत फस्त केले. अक्षर सांभाळून घे, चौथीपुढे मी गेलोच कुठे!

इथल्या दवाखान्यात नर्सबाई आहे, सिगा सार. सेरेर! मग काय विचारतेस. आपली नि त्यांची जमात पिढ्यान्पिढ्या एकमेकींना गुलाम म्हणून चिडवत आलेली, आपण पुलार दिसलो की त्यांच्या जिभेला खाज सुटते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ये रे माझ्या गुलामा, गाई विकून आलास की चोरून?" मी म्हटलं, "मालकाशी नीट बोल, नाहीतर तुलाच विकीन."

डिसेंबरात तिने सगळ्या खाणवाल्यांची बोटं टोचली. माझा आकडा बघून म्हणाली, "गुलामा, चहापेक्षा तुझ्या रक्तात साखर जास्त. आतून गंजतोयस. सोनं गंजत नाही, पण तू साधं लोखंड!" सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी. सेरेर बाईचं बोलणं आपल्यात कोण खरं धरतं? त्या संध्याकाळी चहाच्या तीन फेऱ्यांतल्या तिसऱ्या, सगळ्यांत गोड फेरीत मुद्दाम दुप्पट साखर घातली आणि एक पेला तिलाही पाठवला.

गेल्या सोमवारी ती खड्ड्यापाशी आली. गुलाम म्हणाली नाही. "योरो सी, घरात कुणाला साखरेचा आजार होता?"

ताई, तिने पूर्ण नाव घेतलं तेव्हा कळलं, ही चेष्टा नव्हे. आईच्या पायाचं सांगितलं. कापला तेही.

वर ठणठणीत लिहिलंय ते खरं नाही. आजार लागला नाहीये अजून, पण उंबऱ्यावर आहे. बाई म्हणते, साखर चढीच राहिली की नसा आतून गंजत जातात, दुखत काहीच नाही. आत्ता आवरलं तर मागे फिरता येतं. म्हणून पहिला कडू पेला तेवढा घेतो आणि उठतो, रोज तासभर चालतो. खड्ड्यातला जोडीदार सादियो ओरडतो, "कुठली नवरी बघितलीस रे, कंबर बारीक करतोयस!" ओरडू दे.

तुझी-माझी आई एकच. तूही उपाशीपोटी जाऊन बोट टोचून घे. आईला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं, तर मी चार महिने हसलो. तू हसू नकोस. आकडा वाईट आला तरी तसाच लिही.

तुझा, अजून वेळ हातात असलेला,
योरो