सलग सातवी हार

तीर्थरूप बाबा,

क्वीन्सटाउनहून तुमच्या वल्लरीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? काठी घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

रविवारी फोनवर मी म्हटलं, आपलं कबड्डी मंडळ चार गुणांनी जिंकलं. खरं तर मी मोबाइलवर सगळा सामना पाहिला होता. पकडीला कुणी पुढेच येत नव्हतं, कर्णधार पंचांशी वाद घालत बसला होता. सलग सातव्यांदा हरले. इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. पण ज्या मंडळाकडून तुम्ही वीस वर्षं खेळलात त्याचं हे तुम्हाला सांगवेना.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "वल्लू, शेजारच्या निशिकांतने मला रिक्षाने मैदानावर नेलं होतं. एकवीस गुणांनी हरलो आपण. नोकरी छान चाललीय म्हणतेस, तेही असंच का?"

मी फोन ठेवून दिला.

हो बाबा, तेही असंच. नोकरी तीन तारखेला गेली. महिन्याभरात दुसरी मिळाली नाही, तर इथे राहून काम करायचा पास संपेल आणि घरी परत यावं लागेल. रोज अर्ज करते, उत्तर येत नाही.

आईला हे तुम्हीच सांगा. तिने विचारलं, तर माझ्या तोंडून पुन्हा खोटंच निघेल.

तुमची,
वल्लरी