टेस्ट ओके, सही माझीच

सोमवार, ४ नोव्हेंबर. दम्माम, हॉस्पिटल. सकाळी.
अपेंडिक्स फुटलं, पोट फाडून काढलं, खलास. मी ठणठणीत. रविवारी प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन सुरू होतंय आणि पायपिंग फोरमन इथे गाऊन घालून लोळतोय. मी नसलो तर चार्ज धोंडीरामकडे. माझ्या हाताखाली तयार झालेला फिटर. माणूस बरा, डोकं बेताचं.

वॉर्डातली सिस्टर सुखदा आपल्या चिपळूणची निघाली. आधी बरं वाटलं. पण राउंडला येते आणि सगळ्यांसमोर विचारते, काका, गॅस पास झाला का? अरे देवा! केरळची नर्स असती तर खरं सांगून मोकळा झालो असतो. हिचा मामा गुहागरला आमच्या वाडीत राहतो. माझ्या वाऱ्याची बातमी वाडीत गेली तर तोंड कुठे दाखवू?
आज सांगून टाकलं, झाला. चांगला झाला. पोरीने खुशीत लिहून घेतलं.

संध्याकाळी.
डिस्चार्ज! निघताना सुखदाने बजावलं: पोट फुगलं, कळा येऊन जाऊ लागल्या, उलट्या झाल्या, संडास नि वारा दोन्ही बंद झालं, तर काही खायचं नाही, घरचं औषध घ्यायचं नाही, तडक इथे यायचं. ऑपरेशननंतर कधी कधी आतडी एकमेकांना चिकटून रस्ता बंद होतो म्हणे. मी मान डोलावली. उभा जन्म पाइपांत गेला, आणि ही मला ब्लॉकेज शिकवते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. कॅम्प.
मेसच्या हाशमने माझ्यासाठी मुगाची पातळ खिचडी केली होती. मी काय म्हातारा आहे? म्हटलं, यल्ला, चल लवकर, बिर्याणी काढ. दोनदा घेतली.
दुपारी पोटात कळ. येते, जाते. परत येते. निदान: हाशमचं तेल.
संकल्प: उद्यापासून फक्त पेज.

बुधवार, ६ नोव्हेंबर.
पेज झाली नाही. परोठा झाला.
शर्टाचं बटण लागेना. लाँड्रीवाल्यांनी शर्ट आटवलाय. तक्रार करणार. पॅन्टही आटवलीय.
धोंडीराम म्हणतो, हॉस्पिटलला फोन करू का. कळतं हो सगळं! रविवारी माझ्या खुर्चीत बसायचंय ना? विषय बदलून त्याला शटडाऊनचं समजावलं: प्रेशर टेस्टला बाहेरचा विटनेस पाहिजे, आपल्याच लाइनला आपणच ओके म्हणायचं नाही. तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, मग तुमच्या पोटाचा विटनेस कोण? उर्मट. मीच डोक्यावर चढवून ठेवलाय.
घरून बायकोचा, अहिल्येचा व्हिडिओ कॉल. चेहरा का उतरलाय, विचारत होती. म्हटलं, इथला लाइट खराब आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. सकाळी.
लाइन चोक झाली की मागून प्रेशर द्यायचं. साधं गणित. शारीकच्या किराणा दुकानातून एरंडेल मागवलं आणि अर्धी बाटली घशात ओतली. आता बघा.

दुपारी.
खालून काही नाही. वरून उलटी. हिरवीगार. हिरवी म्हणजे पित्त पडलं. पित्त पडलं म्हणजे रोग गेला.

संध्याकाळी.
रोग परत आला. कळ आली की भिंत धरावी लागते. पोट ढोलासारखं टणक. बाथरूमला जाऊन नुसती हजेरी लावून येतो. खरं तर ऑपरेशनपासून वारासुद्धा सरलेला नाही. पण आता कोणत्या तोंडाने सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. घाबरलो वगैरे नाही. जरा घाबरलोय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. हॉस्पिटल.
धोंडीरामने विचारलंच नाही. सरळ उचलून गाडीत घातलं. मी ओरडत होतो, असं केलंस म्हणून चार्ज मिळणार नाही तुला. मग ओरडायची ताकदच राहिली नाही. मरतो की काय असं वाटलं. अहिल्येला लाइट खराब आहे म्हणालो, हेच शेवटचं बोलणं ठरणार का, असं सारखं मनात येत होतं. डोळ्यांना पाणी आलं. एसी फार होता.
एक्स-रे. आतड्यात अडथळा. नाकातून पोटात नळी, हाताला सलाइन, तोंडाला कुलूप. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत सुटलं नाही तर पोट पुन्हा उघडायचं. आणखी उशीर केला असता तर आतडं सडलं असतं. एरंडेलाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.
सुखदाने विचारलं, काका, सोमवारी खरंच झाला होता का? म्हटलं, तसा अंदाजे. मोठ्या सिस्टरने तिला माझ्यापायी झापलंय म्हणे. रडून डोळे सुजलेत पोरीचे. वाईट वाटलं. पण तिनेही जरा खोदून विचारायला हवं होतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर. सकाळी.
नळीतून हिरवं पाणी येतंय. बाकी सामसूम. ऑपरेशन थिएटर सांगून ठेवलंय. देवा, गाऱ्हाणं घालतो, एवढ्या वेळी सोडव. पुन्हा लाजणार नाही.

दुपारी.
झाला! खरोखर झाला! बेल दाबदाब दाबली. सुखदा आली, ऐकून घेतलं, पण लिहीना. म्हणाली, काका, तुमच्या शब्दावर आता नाही. कोणी ऐकलं का? धोंडीराम शेजारच्या खुर्चीतच बसला होता. उठून उभा राहिला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा म्हणाला, मी ऐकला, चांगला ठणठणीत होता. मग पुन्हा एक्स-रे. रस्ता मोकळा होतोय. ऑपरेशन रद्द.
त्याला मिठी मारावीशी वाटत होती. नळी आडवी आली.

रविवार, १० नोव्हेंबर.
शटडाऊन सुरू. चार्ज धोंडीरामकडे. सकाळी त्याने साइटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: विश्वनाथसाहेब, लाइन क्लिअर, टेस्ट ओके. विटनेस: धोंडीराम, अ‍ॅक्टिंग फोरमन. प्रोजेक्ट मॅनेजरने अंगठा दिला.
तोच मेसेज त्याने अहिल्येलाही पाठवला. आत्ता तिचा फोन आला होता. बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, देवाला नारळ फोडला आणि सगळ्या वाडीत पेढे वाटले. ज्याने त्याने विचारलं, कसले पेढे. तिने सगळ्यांना सांगितलं.