वेष्टणातली चांदी

२ जून
नोकरी लागली! प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं. खोलीत भरपूर उजेड, वाफाळत्या पाण्याचा नळ, बसायला स्टूल. हे गेल्यापासून हसणारी माणसं पाहिली नव्हती, इथे आहेत. प्रयोग करणारी मुलगी मला मावशी म्हणते. माझ्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक दिसलं तेव्हा म्हणाली, मग तुम्हाला सगळं सांगावंच लागणार. सांगितलंही. उबेच्या कपाटात बशा आहेत, त्यांतल्या गुलाबी पाण्यात माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढतात. त्यांच्यावर चांदीचे कण सोडायचे, इतके बारीक की डोळ्यांना नुसतं पाणी दिसतं. उघड्या कणांनी पेशी मरतात. कणांवर वेष्टण चढवलं की कधी वाचतात, कधी उलट लवकर मरतात, कारण खाऊ समजून पेशी त्यांना आपणच आत घेते. मी म्हटलं, म्हणजे गोड बोलून गळा कापायचा. मुलगी हसून हसून दमली.

८ जून
ह्यांच्या कारखान्यातही चांदीचाच फवारा होता. ह्यांनी तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर मुकादम म्हणाला, वेष्टणाचा माल आहे, काही होत नाही. नवी नवरी आहेस का तोंड झाकायला? सगळे हसले, हेही हसले. घरी येऊन खोकत बसले. मी म्हटलं, सोडा ते काम; ऐकलं नाही.
आज मुलीने भिंगातून पेशी दाखवल्या. मी वाकले तशा माझ्या बाजूला सरकल्या. ती म्हणाली, बशी तिरपी असेल. बशी सपाट होती.

१५ जून
या पेशींना इथे भोंगा म्हणतात. का, म्हणून विचारलं. मुलीने सहज सांगितलं, ज्या माणसाच्या आहेत त्याचा आवाज मोठा, कारखान्यात त्याला भोंगाच म्हणायचे. इस्पितळात तपासणीला काढलेला तुकडा उरला, तो इकडे आला. माणूस गेला मावशी, पण भोंगा काही मरत नाही.
हातातली बाटली फुटली.
भोंगा म्हणजे हे. माझे हे. मी वर्षभर रिकाम्या खाटेकडे बघतेय आणि हे इथे, कपाटात, उबेत. बाई, एक तुकडा ठेवून घेऊ का, एवढं विचारायला तोंड झिजत होतं? बशी घरी न्यावी तर उबेबाहेर पेशी जगत नाहीत. बोलले तर हाकलतील. काचा वेचल्या. राग गिळला.

२१ जून
प्रयोगशाळेचे मोठे साहेब चिडलेत. भोंगा कुठलंच वेष्टण आत घेईना. साखर नको, चरबी नको. कारण मला ठाऊक आहे. धुता धुता मी रोज कपाटाशी बोलते. सांगते, घेऊ नका हो. हे लोक काहीही देतील, घेऊ नका. या वेळी तरी माझं ऐका.

२४ जून
तब्येतीची तपासणी म्हणून सगळ्या कामगारांचं रक्त घेतलं. साहेब स्वतः आले. जेवलात का, झोप लागते का. फार गोड बोलले.

२६ जून
मुलगी नाचत आली. रक्तातल्या प्रथिनांचं वेष्टण कणांवर चढवलं — प्रत्येकाचं वेगळं — भोंगा कुणालाच दाद देईना. एकाकडेच धावला. अधाशासारखा. ते कण सोडलेल्या सगळ्या बशा काळ्या पडल्या. कुणाचं लागलं सांगू? मावशी, तुमचं!
मेल्यांनो. मुकादमाने एकदा मारलं. तुम्ही दुसऱ्यांदा — आणि विषाला माझं लुगडं नेसवून पाठवलंत.

२७ जून
एक बशी उरलीय. साहेब त्याच कणांची नळी घेऊन आले, मी हिसकावली. दाराला आतून कडी. बाहेरून गोड बोलतात, मावशी, उघडा, बशीच तर आहे. बशी! तुमच्या घरचं माणूस घाला म्हणावं बशीत.
नळी मोरीत ओतली. वर गरम पाणी सोडलं, भरभरून. वाफेने खोली भरली. वाचले हे —
घसा खवखवतोय.
वाफ. कणांची ती वाफ मी —
वेष्टण माझ्याच रक्ताचं. माझं अंग त्याला परकं कसं म्हणेल —
खोकला. तोच. अगदी ह्यांचा —
नखं काळी —
कपाटाच्या काचेवर आतून थाप. पेशी नाही, हात — आणि तो मोठा आवाज — घेऊ नकोस गं, तू तरी माझं ऐ