बोटीत कोण, काठावर कोण

श्री

मॉरिसव्हिल,
मंगळवार, ता. १८ एप्रिल २००६

चि. रत्ना हिला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आधी आले ते तुझे जावई. गाडी नीट थांबलीही नव्हती तोवर विनयराव लॅपटॉप छातीशी धरून दारात. मागून तुझी सुमेधा पिशव्या घेऊन, आणि नात आन्या सगळ्यात शेवटी, कानात ती गाण्याची बोंडं घालून. तू आली नाहीस याची चुटपुट लागली, पण इतका वेळ गाडीत बसून तुझा गुडघा आखडतो हेही खरं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि सुमेधा मधे पडून माझं अर्धंच तुला सांगते, म्हणून लिहिते. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, खिडकीपाशी उजेडात धरून वाच.

तर इटली. दोन्ही घरांनी मिळून जायचं हे पक्कं झालं. नेपल्स म्हणून बंदर आहे, तिथे मुक्काम, आणि तिथून फेरीने बेटं बघायची. शैलूने टेबलावर नकाशा पसरला, राधिका सूनबाईने त्यावर वरणाचं भांडं ठेवलं, ते एक बेट जेवण होईपर्यंत कोणाला सापडेना.

मग विनयरावांनी जेवणाचे नियम वाचून दाखवले. ज्या हॉटेलच्या दारात माणूस उभा राहून या या करतो तिथे जायचं नाही. पदार्थांचे फोटो लावलेत तिथे नाही. मोठ्या चर्चसमोरच्या चौकात तर नाहीच. सगळी प्रवाशांना फसवायची दुकानं, म्हणाले. मी म्हटलं, असं असेल तर तुमच्या घरीही जेवायला नको, तुम्हीही दारात उभं राहून या या करता आणि पाणी द्यायच्या आधी सहलीचे फोटो दाखवता. शैलू हसला. आन्याही हसली, म्हणजे ती बोंडं नुसती शोभेला, ऐकते सगळं.

जुलैत जायचं चाललं होतं. मी सांगितलं, आषाढ-श्रावणात कोणी बोटीत पाय ठेवतं का. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय नाही. आपल्या दाभोळला आगबोटसुद्धा पावसाळाभर बंद असायची. शैलू म्हणाला, आईचं लहानपण बंदरावर गेलंय, तिला यातलं कळतं. पौर्णिमा नऊ ऑगस्टची, म्हणून तेराला निघायचं ठरलं आणि तिकिटंसुद्धा काढली. या घरात माझा शब्द एवढा चालला, दोन दिवस मला भुकेची आठवण नाही.

पण एक बोलणं लागलं. विनयराव म्हणाले की बोटीच्या दिवशी आई आणि मावशींनी हॉटेलवर आराम करावा. फेरी हलते, पायऱ्या चढायच्या, कोण सांभाळणार. अगं, आपण नऊवारी खोचून त्या छोट्या पडावातून आगबोटीच्या दारात उडी मारायचो, खाली पाणी वरखाली होत असायचं. माझं लग्न झालं आणि त्यानंतर आपण दोघी एका बोटीत बसलोच नाही. मला इटली नको नि तो वाकडा मनोरा नको. तुझ्या शेजारी बोटीत बसायचं आहे, एवढंच. हे त्यांना बोलले नाही, तुला लिहिते.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी अक्का, कृष्णा


डब्लिन, ओहायो,
ता. १२ मे २००६

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून रत्नाचा नमस्कार.

अक्का, तुझ्या नारळी पौर्णिमेने इथे घोळ घातलाय. आन्याच्या मैत्रिणीची आजी इटलीची. तिने सांगितलं की पंधरा ऑगस्टला त्यांचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात जो तो बेटांवर निघतो, फेरीत उभं राहायला जागा मिळत नाही, आणि चांगल्या घरगुती खानावळींचे मालक कुलूप लावून स्वतःच समुद्रावर जातात. उघडी राहतात ती नेमकी या या करणारी. आणि पाऊस म्हणशील तर तिकडे तो हिवाळ्यात. जुलैत समुद्र तळ्यासारखा शांत.

विनयराव म्हणाले, मावशींचं ऐकलं आणि फसलो. तारखा सप्टेंबरच्या करून घेतल्या आहेत. वर ठणकावून सांगितलं की यापुढे पंचांग नको, आणि फेरीची तिकिटं पाचच काढायची, दोघी म्हाताऱ्या काठावर. मी ताक घुसळत होते, घुसळत राहिले. नंतर सुमेधाला म्हटलं, पिशव्या राखायलाच नेणार असाल तर त्या मी इथे बसून राखते.

मला पडाव आठवतो गं. तू आधी उडी मारायचीस आणि मग माझा हात ओढायचीस, मी डोळे मिटून. तू काठावर तर मीही काठावर. पण त्यांच्याशी हट्ट धरू नकोस. माणूस वाईट नाही, रोज रात्री माझ्या डोळ्यांत थेंब तेच घालतात.

जुलैच्या सुट्टीत ही तिघं पुन्हा तुमच्याकडे येतील. तुझ्या शैलूने तिथल्या कुठल्या तरी फेरीचं डोक्यात घेतलंय असं कानावर आलं. मला अर्धंच ऐकू आलं, उरलेलं तू कळव.

माझ्यावर माया आहे ती असू दे.

तुझी रत्ना


मॉरिसव्हिल,
रविवार, ता. ९ जुलै २००६

चि. रत्ना हिला आशीर्वाद, गुडघ्यालाही.

तारखांची चूक माझी, हे विनयराव आल्या आल्या त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला. मिटलं.

आता शैलूची करामत ऐक. इथून चार-पाच तास गाडीने गेलं की समुद्रात ओक्राकोक नावाचं बेट आहे, तिथे मोटारींसकट माणसं नेणारी फेरी जाते. शैलू म्हणाला, इटलीच्या आधी इथेच बघू कोणाला बोट सोसते. विनयराव म्हणाले, बघाच. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

वारा चांगला होता. मी कठड्याजवळच्या बाकावर बसले, आन्या शेजारी. मोठ्या पाण्यात बोट डोलायला लागली तसे विनयराव आधी बोलायचे थांबले. मग चष्मा काढून सुमेधाकडे दिला. मग कठडा गाठला. पुढचं लिहीत नाही, जावई आहेत. मी त्यांना जवळ बसवलं, लांब काठाकडे नजर ठेवा म्हटलं, आलेपाकाची वडी दिली, पाठीवरून हात फिरवला. माझ्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

बेटावर उतरलो तर समोरच हॉटेल. दारात मुलगी हसून बोलावतेय, फळ्यावर माशांचे फोटो. विनयराव सगळ्यांच्या आधी आत. म्हणाले, मला न हलणारी खुर्ची हवी आहे. आन्याने इंग्रजीत त्यांच्या लक्षात आणून दिलं की तुमच्या नियमांतले पहिले दोन्ही इथे मोडले. त्यांनी बटाट्याचे काप मागवले. माझ्या ताटात मासा आला तो वरून जळका, आतून गार. मी सगळा खाल्ला आणि चकार शब्द काढला नाही. सुमेधा माझ्याकडे बघे आणि हसू आवरायला पुन्हा पुन्हा पाणी पिई.

परतताना विनयराव आपणहून माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, मावशी, इटलीत मला तुम्हा दोघींच्या मधे बसवा. मी म्हटलं, बसवते, पण आमची तिकिटं कुठायत. घरी पोचल्यावर चहाच्या आधी लॅपटॉप उघडून त्यांनी सात तिकिटं काढली. आन्याने पडद्यावर बोट ठेवून मला एकेक दाखवलं, त्यात तुझं नि माझं लागोपाठ.

रत्ना, त्यांना मधे नाही बसवायचं. कडेला बसवू, पदर देऊ. तुझ्या शेजारी मी.

गुडघा जप. लोभ तिकडे ठेवू नकोस, येताना बरोबर आण.

तुझी अक्का

ता. क. मंडळी आज सकाळी गेली. शनिवारी, नऊ सप्टेंबरला परत येतो म्हणालीत, तुला विमानाने घेऊन, मग इथूनच सगळ्यांनी पुढे निघायचं. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, त्या दिवशी पितृपक्ष लागलेला आहे. मी पान पुन्हा जुलैवर आणून ठेवलं. तूही बोलू नकोस.