सांध्याशेजारची चीर

करी रोड, मुंबई
१४ सप्टेंबर १९५७

चि. सौ. अंबिका हिस,
जयवंतदादाचे अनेक आशीर्वाद.

इथे सगळे बरे. बाळंतपणाला माहेरी गेलीस ते झकास झालं. आईचं ऐक, विहिरीवर जाऊ नकोस. चाळीत रोज संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. घोषणा देऊन माझा घसा बसलाय. तुझे यजमान ठीक आहेत. हल्ली माझ्याकडे जेवायला येत नाहीत एवढंच. कामावर समोरासमोर बसतो, पण नजर देत नाहीत.

का, ते दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच लिहितो. प्रयोगशाळेच्या भट्टीसाठी मॉलिब्डेनमचे पत्रे जोडायला आलेत. भारी नखरेल धातू! सांध्यात भरलेली चांदीची झाळ वितळली की ज्योत लगेच काढायची. लोखंडासारखं तापवत बसलं तर सांधा टिकतो, पण शेजारचा पत्रा पापडासारखा मोडतो. सांधे सगळे माझ्या हातचे, आणि तपासणीत पत्रे तडकले. शेठ ओरडले, "मोर्चेवाल्यांचेच धंदे हे! मुद्दाम केलंय." खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की माझा निकाल लावणार म्हणे.

मी पत्रा उचलून बघितला. चीर सांध्यात नाही, शेजारी. तिथे पांढरी भुकटी, हा धातू फाजील तापला की धरते तशी. मी पत्रा पुसून ठेवला, तेव्हा ती नव्हती. म्हणजे माझ्यामागे कुणीतरी पुन्हा ज्योत फिरवलीय. कारखान्याची किल्ली दोघांकडेच. एक माझ्याकडे, आणि... जाऊ दे.

नाही, जाऊ कसं देऊ? तुझ्या गंगाधररावांचा हात लोखंडी बॉयलरच्या कामावर बसलेला. सांधा चकचकीत दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भल्यासाठी केलं असेल, अशी मी मनाची समजूत घालतो. मग शेठ मला मोर्चेवाला म्हणाले तेव्हा यांनी मान कशाला डोलावली? माझी हेडमिस्त्रीची जागा रिकामी झाली तर कुणाला मिळेल, हेही डोक्यातून जात नाही. राग येतो गो बाय, फार राग येतो.

भुकटी दाखवली तर मी सुटतो, त्यांची नोकरी जाते. आणि तू अशी अवघडलेली.

म्हणून तूच त्यांना पत्रातून विचार, ज्योत का फिरवलीत? चुकलो म्हणाले, तर शेठपुढे मी तोंड उघडणार नाही. जागा गेली तर गेली. पण उडवाउडवी केली, तर मी बोलणार, अंबे. मग तू रडलीस तरी बोलणार.

तुझा दादा,
आणि अजून तरी त्यांचा मेहुणा,
जयवंत